सुकाणू आणि मतपेटी

‘प्लँटर’ या आगबोटीला तरंगायला जेमतेम पावणेचार फूट पाणी पुरायचं. दीडशे फुटांच्या आसपास लांबीची ही लाकडी बोट १८६० साली साउथ कॅरोलायना राज्यातल्या चार्ल्सटन बंदरात बांधली गेली. दोन्ही अंगांना मोठी चाकं, प्रत्येक चाकाला स्वतंत्र इंजिन, इंधन म्हणून लाकूड. एका खेपेला कापसाच्या १,४०० गासड्या मावायच्या. तिथला किनारा म्हणजे खाड्या, दलदली आणि लहानमोठ्या बेटांचं जाळं. भरतीला जिथे पाणी दिसतं तिथे ओहोटीला चिखल उघडा पडतो. अशा ठिकाणी मोठ्या जहाजाचा उपयोग नाही. बुडाला उथळ, जागच्या जागी वळणारी बोट लागते आणि तिच्या सुकाणूवर वाळूचे दांडे कुठे सरकले आहेत हे ठाऊक असलेला माणूस लागतो.

प्लँटरवरचा तो माणूस रॉबर्ट स्मॉल्स. वय २३, जन्माने गुलाम. पुढे त्याच राज्यातून तो पाच वेळा अमेरिकी काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, बसला. त्याच्याबद्दल जे लिहिलं जातं ते बहुतेक १३ मे १८६२ च्या पहाटेवर थांबतं. ती पहाट थक्क करणारी आहेच, तिच्याबद्दल तपशिलात लिहिणार आहे. पण त्यानंतरची ३३ वर्षं मला अधिक महत्त्वाची वाटतात. बोट पळवायला एक रात्र लागली. आपल्या लोकांच्या हाती आलेलं मत राखण्यासाठी तो आयुष्यभर झगडला.

जन्म ५ एप्रिल १८३९ चा, ब्यूफर्ट या लहानशा गावातला. प्रिन्स स्ट्रीटवर मॅक्की कुटुंबाचं मोठं घर होतं, त्यामागच्या खोपटात. आई लिडिया त्या घरची गुलाम. बाराव्या वर्षी मालकाने त्याला चार्ल्सटनला भाड्याने लावलं. ही पद्धत तिथे सर्रास होती: गुलामाने शहरात काम करायचं, मजुरी मालकाच्या हातात. हॉटेलात वाढपी, रस्त्यावरचे दिवे लावणारा, गोदीतला हमाल, शिडं शिवणारा, दोरखंड बांधणारा अशी कामं करत तो बोटींवर पोचला. मोठा झाल्यावर त्याने मालकाशी ठराव केला: महिन्याला १५ डॉलर तुमचे, वर मिळेल ते माझं. १८५६ साली हॉटेलात मोलकरीण असलेल्या हॅनाशी लग्न झालं. ती दुसऱ्या मालकाची. मुलगी झाली तेव्हा कायद्याने ती आईच्या मालकाची मालमत्ता ठरली. बायको आणि मुलगी यांची किंमत ठरली ८०० डॉलर. प्लँटरवर त्याचा पगार महिना १६ डॉलर होता. या आकड्यांचा हिशेब ज्याने-त्याने स्वतः मांडून पाहावा. मालकाने मन बदललं किंवा मूल दुसरीकडे विकलं, तर त्याला काही बोलायचा अधिकारही नव्हता.

एप्रिल १८६१ मध्ये, गुलामगिरी राखण्यासाठी फुटून निघालेली दक्षिणेची बंडखोर राज्यं आणि उत्तरेच्या बाजूचं केंद्र सरकार यांच्यात यादवी युद्ध सुरू झालं ते याच चार्ल्सटन बंदराच्या तोंडावर, फोर्ट सम्टरवरच्या तोफांनी. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेच्या सगळ्या बंदरांची नाकेबंदी केली. कापूस बाहेर पडेना. या नाकेबंदीची झळ आणि लाट आपल्याकडेही पोचली. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेना, तेव्हा मुंबई बंदरातून जाणाऱ्या कापसाला सोन्याचा भाव आला. खानदेश-वऱ्हाडात शेतं कापसाखाली गेली, मुंबईत प्रेमचंद रायचंदच्या काळातली शेअरबाजाराची धुंदी चढली, आणि १८६५ साली युद्ध संपताच सगळं कोसळलं. चार्ल्सटनसमोर जी जहाजं नांगर टाकून उभी होती, ती त्या सगळ्याच्या मुळाशी होती. स्मॉल्सला प्लँटरच्या सुकाणूवरून ती रोज दिसायची. अंतर काही मैलांचं.

कापूस अडला तशी प्लँटर दक्षिणेच्या लष्कराने भाड्याने घेतली. किल्ल्यांना तोफा, दारूगोळा, माणसं पोचवायची, खाडीत सुरुंग पेरायचे. तिच्यावर ३२ पौंडी आणि २४ पौंडी अशा दोन तोफा चढवल्या. कप्तान, मेट म्हणजे त्याचा दुय्यम, आणि इंजिनियर हे तिघे गोरे, बाकी सगळे गुलाम. स्मॉल्स पायलटचं, म्हणजे बोटीला पाण्यातली वाट दाखवण्याचं काम करायचा, पण गुलामाला तो हुद्दा देत नसत. कागदावर तो फक्त चाक धरणारा. कागदाचा असा अडथळा पुढेही त्याला महागात पडला.

आता ती रात्र. १२ मे रोजी कोल्स बेटावरचा तळ गुंडाळून तिथल्या चार तोफा प्लँटरवर चढवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्या बंदरातल्या दुसऱ्या मोर्च्यावर उतरवायच्या होत्या. लष्करी हुकूम असा होता की रात्री अधिकाऱ्यांनी बोटीवरच राहायचं. कप्तान रेलिया आणि त्याचे दोघे सहकारी हुकूम मोडून घरी झोपायला गेले. ही चूक अचानक घडली नव्हती. असं पूर्वीही होत असे, आणि बेत त्यावरच बेतलेला होता. स्मॉल्सने खलाशांशी आधीच बोलणी केली होती. सगळे तयार झाले नाहीत, काहींनी मागे राहणं पत्करलं. जे आले त्यांच्यात एक गोष्ट ठरली: पकडले जाणार असं दिसलं तर बोट बुडवायची, तेही जमलं नाही तर एकमेकांचे हात धरून पाण्यात उडी मारायची.

पहाटे तीनच्या सुमारास त्यांनी बॉयलर पेटवले. इथे पहिली अडचण. धक्क्यापासून जवळच दक्षिणेच्या जनरल रिप्लीचं मुख्यालय आणि पहारा होता. धूर शहरावर गेला असता तर आग लागल्याचा गलका झाला असता. वाफ पुरेशी चढेपर्यंत थांबणं भाग, आणि फार थांबलं तर उजाडणार. दोन झेंडे चढवले, एक बंडखोर सरकारचा आणि एक राज्याचा. बोट धक्क्यावरून सुटली तेव्हा पहारेकऱ्याने पाहिलं. अडवलं मात्र नाही. बोट सरकारी कामाला निघाली आहे, अधिकारी वर असतीलच, असं त्याने धरलं.

मग बोट बंदराच्या तोंडाकडे न जाता आधी उलट दिशेला गेली. दुसऱ्या धक्क्याला लागलेल्या एका जहाजावर बायकामुलं लपवून ठेवली होती, त्यांना घेतलं. एकूण माणसं १६: आठ पुरुष, पाच बायका, तीन मुलं. त्यानंतर खरा प्रवास, एकामागून एक किल्ल्यांच्या तोफांखालून. प्रत्येक ठिकाणी शिट्टीचा ठरलेला संकेत द्यायचा. फोर्ट सम्टरसमोर दोन लांब आणि एक आखूड. महिनोन्‌महिने कप्तानाशेजारी उभं राहून स्मॉल्सला ते पाठ झालं होतं. कप्तानाची रुंद काठाची गवती टोपी त्याने डोक्यावर ठेवली होती आणि कप्तान जसा हाताची घडी घालून उभा राही तसाच तो उभा राहिला. अर्धवट उजेडात दुरून चेहरा दिसत नाही, ठेवण दिसते.

वेगाचा मोह आवरणं हे त्या रात्रीतलं सगळ्यात अवघड काम असावं. किल्ल्याला वळसा घालून लांबून गेलो तर संशय, घाईने गेलो तर संशय. रोज जशी जाते तशीच, तेवढ्याच अंतरावरून, त्याच चालीने बोट न्यायची. सव्वाचार-साडेचारच्या दरम्यान प्लँटर सम्टरसमोर आली, शिट्टी झाली, किल्ल्यावरून जाऊ देण्यात आलं. नेहमीच्या बोटी इथून मॉरिस बेटाकडे वळत. ही सरळ समुद्राकडे निघाली. तोफांच्या माऱ्याबाहेर पडेपर्यंत किल्ल्याच्या ध्यानात आलं नाही.

उरलेला धोका समोरून होता. झेंडा बंडखोरांचा आणि पहाटेच्या धुक्यातून एक लष्करी बोट अंगावर येते आहे, असं ‘ऑनवर्ड’ या नाकेबंदीच्या जहाजाला दिसलं. लेफ्टनंट निकल्सने तोफा रोखल्या. स्मॉल्सने झेंडे उतरवून हॅनाने आणलेली पलंगावरची पांढरी चादर चढवली होती. ती दिसायला थोडा वेळ गेला, पण गोळा सुटण्याआधी दिसली. जवळ गेल्यावर त्याने टोपी काढून सांगितलं की अमेरिकेच्या जुन्या तोफा परत आणल्या आहेत. त्या चारांपैकी एक खरोखरच फोर्ट सम्टरची होती.

नाकेबंदी करणाऱ्या आरमाराचा प्रमुख कमोडोर ड्यू पॉन्ट याला बोट आणि तोफांपेक्षा अधिक मोलाच्या दोन वस्तू मिळाल्या. एक, बंडखोरांच्या संकेतांची वही. दुसरी, स्मॉल्सच्या डोक्यातली माहिती: सुरुंग कुठे पेरले आहेत आणि कोल्स बेट रिकामं झालं आहे. त्यावरून उत्तरेचं आरमार आठवड्याभरात स्टोनो नदीत शिरलं. तिकडे चार्ल्सटनमध्ये कप्तान आणि मेटवर लष्करी खटला झाला. त्यांना शिक्षा झाली आणि पुढे ती रद्दही झाली.

बक्षिसाचा हिशेब सांगायलाच हवा, कारण तो स्मॉल्सला शेवटपर्यंत बोचत राहिला. ३० मे १८६२ च्या खास कायद्याने ठरलं की बोट आणि माल यांच्या किमतीचा निम्मा भाग त्या लोकांना द्यायचा. मूल्यमापन झालं ९,१६८ डॉलर. निम्मे ४,५८४. त्यातले स्मॉल्सला १,५००. अनेक वर्षांनी काँग्रेसच्या समितीनेच नोंदवलं की ही किंमत हास्यास्पद कमी होती आणि खरा आकडा ६० हजारांच्या वर जायला हवा होता. तोफांची किंमत तर १६८ डॉलर धरली होती.

पुढची तीन वर्षं त्याची युद्धात गेली. ऑगस्ट १८६२ मध्ये तो धर्मोपदेशक मॅन्सफिल्ड फ्रेंच यांच्याबरोबर वॉशिंग्टनला गेला. लिंकन आणि युद्धमंत्री स्टॅन्टन यांना भेटला आणि ५,००० कृष्णवर्णीय सैनिक भरती करण्याची परवानगी देणारा २५ ऑगस्टचा हुकूम घेऊन परतला. ७ एप्रिल १८६३ रोजी चार्ल्सटनवर झालेल्या हल्ल्यात तो ‘कीओकक’ या चिलखती जहाजाचा पायलट होता. त्या जहाजाला नव्वदच्या वर गोळे लागले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते बुडालं. डिसेंबर १८६३ मध्ये तो पुन्हा प्लँटरवर होता. फॉली आयलंडच्या खाडीत बोट दुहेरी माऱ्यात सापडली तेव्हा कप्तान शरण जायला निघाला आणि कोळशाच्या खणात जाऊन लपला. शरण जाणं गोऱ्या कप्तानाला परवडणार होतं. काळ्या खलाशांना बंडखोर युद्धकैदी मानत नसत, त्यांच्या वाट्याला गुलामी किंवा मरण होतं. स्मॉल्सने सुकाणू घेतलं, बोट बाहेर काढली. त्याला कप्तान करण्यात आलं, पगार महिना १५० डॉलर. १६ वरून १५० पर्यंतचा हा प्रवास दोन वर्षांच्या आतला.

१८६४ साली बोट डागडुजीसाठी फिलाडेल्फियाला नेली आणि तिथल्या मुक्कामात त्याने शिक्षक लावून लिहा-वाचायला शिकायचा झपाटा लावला. तोवर तो निरक्षर होता. याच शहरात, स्वातंत्र्याच्या उत्तरेत, त्याला पावसात ट्रामच्या आतल्या जागेवरून उठायला सांगितलं, कारण आत गोऱ्यांनीच बसायचं. तो उतरून चालत गेला. त्या प्रसंगाचा शहरात बराच बोभाटा झाला आणि १८६७ साली पेनसिल्व्हेनियाने ट्राममधला भेदभाव कायद्याने बंद केला.

ब्यूफर्टच्या घराची गोष्ट मला त्याच्या आयुष्यातली सगळ्यात समाधान देणारी वाटते. १८६१ च्या नोव्हेंबरात उत्तरेचं आरमार पोर्ट रॉयलमध्ये शिरलं तेव्हा ब्यूफर्टचे गोरे मालक घरंदारं टाकून पळाले. त्यांनी केंद्राचा कर भरला नाही. कर थकलेल्या मिळकती लिलावात निघाल्या. प्रिन्स स्ट्रीटवरचं मॅक्कींचं घर स्मॉल्सने त्या लिलावात घेतलं. ज्या घरामागच्या खोपटात जन्म झाला तेच घर. युद्धानंतर ही खरेदी बेकायदा ठरवण्यासाठी दावा झाला आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. ‘डी ट्रेव्हिल विरुद्ध स्मॉल्स’ या खटल्याचा निकाल १८७८ च्या सत्रात स्मॉल्सच्या बाजूने लागला. त्या निकालाने त्याच्या एकट्याचं घर वाचलं असं नाही. कर-लिलावात जमिनीचे तुकडे घेतलेल्या बेटांवरच्या अनेक माजी गुलामांच्या मालकीला आधार मिळाला. बाकी दक्षिणेत मुक्त झालेल्यांकडे जमीन नव्हती. ब्यूफर्टच्या बेटांवर होती. स्मॉल्सचं राजकारण इतकी वर्षं टिकलं त्याचं एक कारण हेच आहे. ज्याची स्वतःची जमीन असते त्याला मत दिल्याबद्दल कोणी वाड्यावरून हाकलू शकत नाही.

१८६८ च्या जानेवारीत चार्ल्सटनमध्ये राज्याची नवी घटना लिहायला सभा बसली. बहुसंख्य प्रतिनिधी कृष्णवर्णीय, त्यातले बरेच काल-परवापर्यंत गुलाम. स्मॉल्सने ठराव आणला तो शाळांचा: मोफत, सगळ्यांना खुल्या, आणि हजेरी सक्तीची. घटनेच्या दहाव्या कलमात ६ ते १६ वर्षांच्या मुलांना किमान २४ महिने शिक्षण सक्तीचं करण्याची तरतूद आली, मात्र शाळांची व्यवस्था पूर्ण उभी राहीपर्यंत तसा कायदा करायचा नाही अशी अटही आली. चार वर्षांपूर्वी अक्षर न ओळखणाऱ्या माणसाने ही मागणी पहिल्या सभेत लावून धरावी याचा अर्थ मराठी वाचकाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ काढली तेव्हा ती अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली. त्या वर्षी स्मॉल्स साउथ कॅरोलायनाच्या सिनेटमध्ये, म्हणजे राज्याच्या वरिष्ठ सभागृहात, बसत होता. आणि १८८२ साली हंटर आयोगापुढे फुल्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली. दोघांना एकमेकांचं नाव ठाऊक असण्याचं कारण नाही. पण पुण्यातून ज्या घटनेकडे आशेने पाहिलं जात होतं, ती घटना आतून कशी दिसत होती, हे स्मॉल्सच्या आयुष्यात पाहायला मिळतं.

तो लिंकनच्या रिपब्लिकन पक्षाचा. त्या काळात दक्षिणेत डेमोक्रॅट म्हणजे जुन्या मालकवर्गाचा पक्ष, हे ध्यानात ठेवलं नाही तर पुढचं सगळं उलटं वाचलं जाईल. राज्याच्या विधानसभेत दोन वर्षं, सिनेटमध्ये चार, आणि मार्च १८७५ पासून वॉशिंग्टनला. शिवाय राज्याच्या लोकसेनेत तो मेजर जनरल होता.

१८७६ च्या उन्हाळ्यात दोन प्रसंग घडले. जुलैत हॅम्बर्ग गावी काळ्या लोकसैनिकांना गोऱ्या सशस्त्र टोळीने घेरून मारलं, शरण आलेल्यांना एकेक करून गोळ्या घातल्या. स्मॉल्सने काँग्रेसमध्ये दुरुस्ती मांडली की असे प्रकार चालू असेतोवर साउथ कॅरोलायनातून युद्धानंतर ठेवलेलं केंद्राचं सैन्य काढू नये. ती फेटाळली गेली. ऑगस्टमध्ये कॉम्बाही नदीकाठच्या भातशेतांवर मजुरांनी संप केला. मजुरी रोखीत न देता चिठ्ठ्यांनी मिळायची आणि त्या चिठ्ठ्या मळेवाल्याच्याच दुकानात चालायच्या, त्याने लावलेल्या भावाने. संपकऱ्यांसमोर शस्त्रं घेतलेले गोरे उभे ठाकले होते. गव्हर्नरच्या सांगण्यावरून स्मॉल्स तिथे गेला, मजुरांना समजावून रक्तपात टाळला. दंगा मोडायला जाणारा पुढारी आणि मजुरांचा पुढारी या दोन्ही भूमिका एकाच माणसाने निभावणं सोपं नव्हतं. त्याच वर्षी मार्चमध्ये प्लँटर बोट केप रोमेनजवळ, वाळूत रुतलेल्या दुसऱ्या जहाजाला ओढून काढताना, स्वतःच निकामी होऊन संपली होती.

१८७७ मध्ये केंद्राचं सैन्य मागे गेलं आणि राज्य डेमोक्रॅटांच्या हाती आलं. त्याच वर्षी स्मॉल्सवर लाचेचा खटला भरला: सिनेटच्या छपाई समितीवर असताना छपाईचं कंत्राट घेणाऱ्याकडून ५,००० डॉलर घेतले. मुख्य साक्षीदार म्हणजे ते कंत्राट घेणाराच. शिक्षा तीन वर्षं सक्तमजुरी. हे प्रकरण त्याच्या चरित्रातून गाळून टाकणं प्रामाणिक होणार नाही. त्या काळातल्या राज्य सरकारात छपाईच्या कंत्राटांत खरोखर पैसा खाल्ला गेला होता. पण शेवट काय झाला ते पाहा. १८७९ साली गव्हर्नरने त्याला माफी दिली, आणि त्याबदल्यात निवडणुकीतल्या गुन्ह्यांसाठी डेमोक्रॅटांवर चाललेले केंद्राचे खटले सोडून देण्यात आले. ज्या सरकारला भ्रष्टाचाराची चीड आहे ते अशी देवघेव करत नाही. मला हा खटला त्याला राजकारणातून उठवण्यासाठीच होता असं वाटतं.

तो उठला नाही. १८७८ आणि १८८० मध्ये हरला, पण दुसऱ्या पराभवाविरुद्ध काँग्रेसकडे तक्रार नेली. साक्षी-पुरावे, समिती, चर्चा, आणि १९ जुलै १८८२ ला जागा मिळाली. दोन वर्षांच्या मुदतीतले सोळा महिने तोवर उलटून गेले होते.

त्याच वर्षी राज्याने जो कायदा केला त्यापाशी थोडं थांबायला हवं. तोवर मतदान असं चालायचं: पक्ष स्वतः मतपत्रिका छापायचे, एका कागदावर सगळ्या पदांचे उमेदवार. मतदाराने आपल्या पक्षाचा कागद ओळखायचा आणि एका पेटीत टाकायचा. निरक्षर माणूसही हे बिनचूक करू शकत होता. १८८२ च्या कायद्याने पेट्या आठ केल्या. गव्हर्नरची वेगळी, लेफ्टनंट गव्हर्नरची वेगळी, राज्य सिनेटरची वेगळी, अशा. केंद्राच्या निवडणुकीच्या पेट्या आणखी निराळ्या. प्रत्येक पेटीवर पदाचं नाव लिहिलेलं. चुकीच्या पेटीत पडलेलं मत बाद. मतदाराशी दुसऱ्या कोणी बोलायचं नाही. विचारलं तर पेटीवरचं नाव वाचून दाखवायचं काम फक्त निवडणूक अधिकाऱ्याचं, आणि अधिकारी डेमोक्रॅट सरकारने नेमलेले. पेट्यांचा क्रम पाठ करून कोणी आत गेला तर क्रम बदलून टाकता येई. शिवाय सगळ्यांनी नव्याने नोंदणी करायची, दाखला जवळ ठेवायचा, आणि राहण्याची जागा बदलली तर पुन्हा नोंदणी. वर्षावर्षाला शेत बदलणाऱ्या वाटेकऱ्याचा दाखला कधी ना कधी निरुपयोगी व्हायचाच.

कायद्यात कुठेही रंगाचा उल्लेख नव्हता. दोन लांब, एक आखूड हा संकेत स्मॉल्सने ऐकून पाठ केला होता आणि त्याच्या जोरावर सोळा माणसं पार झाली होती. राज्याने आता असा संकेत रचला, जो ऐकून पाठ होणार नाही आणि पहारेकऱ्याला वाटेल तेव्हा बदलता येईल.

परिणाम आकड्यांत दिसतो. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत साउथ कॅरोलायनात रिपब्लिकन पक्षाला १८७६ साली सुमारे ९१ हजार मतं पडली. दहशतीखाली झालेल्या १८८० च्या निवडणुकीत सुमारे ५८ हजार. आठ पेट्यांच्या कायद्यानंतर १८८४ मध्ये २१ हजारांच्या आसपास आणि १८८८ मध्ये १३ हजारांच्या वर थोडी. राज्यात कृष्णवर्णीय लोक तेव्हा साठ टक्के होते. हिंसाचारात माणसं मारली की वॉशिंग्टनमध्ये चौकशी लागायची, पेट्या वाढवल्या तर लागत नसे.

जोडीला मतदारसंघांच्या सीमा बदलल्या. कृष्णवर्णीयांची वस्ती शक्य तेवढी एका सातव्या मतदारसंघात कोंबली, म्हणजे उरलेले सहा सुरक्षित. किनाऱ्यावरून आत तुकड्या-तुकड्यांनी पसरलेला हा मतदारसंघ नकाशावर पाहिला की हेतू कळतो. स्मॉल्स १८८४ ते १८८७ या काळात तिथूनच काँग्रेसमध्ये होता. १८८६ मध्ये त्याला हरवण्यात आलं. या वेळी तक्रारीचा उपयोग झाला नाही.

१८८९ साली त्याला ब्यूफर्ट बंदराचा जकात अधिकारी नेमण्यात आलं आणि मधली काही वर्षं सोडता १९१३ पर्यंत त्याने ते काम केलं.

त्याची शेवटची मोठी लढाई १८९५ ची. गोऱ्यांच्या वर्चस्वाचा कट्टर पुरस्कर्ता असलेला डेमोक्रॅट पुढारी बेन टिलमन याच्या पुढाकाराने नवी घटना लिहायला कोलंबिया शहरात सभा भरली. १६० प्रतिनिधी, त्यात कृष्णवर्णीय सहा, सहापैकी पाच ब्यूफर्टचे. मताधिकाराचं कलम असं होतं: राज्यात दोन वर्षं, जिल्ह्यात एक वर्ष, मतदान केंद्राच्या हद्दीत चार महिने वास्तव्य. डोईपट्टी निवडणुकीच्या सहा महिने आधी भरलेली. घटनेचं कलम वाचता-लिहिता यावं, किंवा ३०० डॉलरची मिळकत असावी. १८९८ पर्यंत निरक्षरालाही एक वाट होती, वाचून दाखवलेलं कलम ‘समजलं’ असं अधिकाऱ्याला पटवून द्यायचं. कोणाला पटलं आणि कोणाला नाही हे अधिकारी ठरवणार. मताधिकार काढून घेणाऱ्या गुन्ह्यांची यादीही होती. तिच्यात चोरी, जाळपोळ, बायकोला मारहाण हे होतं. खून नव्हता.

टिलमनने सभेत जुनं लाचेचं प्रकरण उकरून काढलं. स्मॉल्सने त्याला तिथेच उत्तर दिलं, आणि त्याच सत्रातलं त्याचं वाक्य आज त्याच्या स्मारकावर आहे: माझ्या लोकांना कोणी बचाव करण्याची गरज नाही, या देशातला त्यांचा इतिहासच सांगतो की ते कुठल्याही लोकांच्या बरोबरीचे आहेत, त्यांना हवी आहे ती जगण्याच्या लढाईत समान संधी. आंतरवर्णीय विवाहबंदीची चर्चा चालू असताना त्याने सुचवलं की मग काळ्या बाईशी संबंध ठेवणाऱ्या गोऱ्या पुरुषाला सरकारी पदावर बसता येऊ नये आणि तिच्या मुलाला बापाचं नाव मिळावं. सभागृहातल्या गोऱ्या प्रतिनिधींना ते फार झोंबलं आणि सूचना पडली. घटना पूर्ण झाल्यावर त्याने तिच्यावर सही केली नाही.

निवृत्तिवेतनासाठीही त्याला झगडावं लागलं. तो आरमारात किंवा सैन्यात रीतसर भरती झालेला नव्हता, कागदावर नेमलेला पायलट आणि कप्तान होता. युद्धातली कामगिरी कोणी नाकारत नव्हतं, नियमात मात्र ती बसत नव्हती. १८८३ साली त्याला आरमाराच्या निवृत्तांच्या यादीत घेण्याचं विधेयक आलं आणि पडलं. १८९७ मध्ये खास कायद्याने महिना ३० डॉलर मिळू लागले. १९०० साली प्लँटरच्या बक्षिसाचा प्रश्न पुन्हा घेऊन काँग्रेसने ५,००० डॉलर मंजूर केले, घटनेनंतर ३८ वर्षांनी. २३ फेब्रुवारी १९१५ रोजी तो प्रिन्स स्ट्रीटवरच्या त्याच घरात वारला.

१८९७ साली जॉर्ज मरे यांची मुदत संपल्यावर साउथ कॅरोलायनातून काँग्रेसमध्ये पुढचा कृष्णवर्णीय सदस्य पोचला तो १९९३ मध्ये, जिम क्लायबर्न. मधल्या काळात १९६५ चा मताधिकार कायदा आला. त्याने साक्षरतेच्या चाचण्या थांबवल्या आणि निवडणुकीचे नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घेणं काही राज्यांना बंधनकारक केलं. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेलं राज्य साउथ कॅरोलायनाच होतं. मार्च १९६६ मध्ये सरन्यायाधीश वॉरन यांनी कायदा वैध ठरवला. त्या निकालपत्रात १८९५ च्या सभेतले टिलमनचे शब्द उद्धृत केले आहेत: कायद्याच्या चौकटीत राहून काळ्यांच्या हातातलं जेवढं मत काढून घेता येईल तेवढं घ्यायचं. स्मॉल्सने सभागृहात उभं राहून नेमकं हेच सांगितलं होतं, ७१ वर्षं आधी.